स्फोटाची सोयीस्कर वंशावळ

सोस्यूरचे नाव मराठी समीक्षेत रुळले, तेव्हापासून ‘हे सारे भर्तृहरीने आधीच सांगितले होते’ असे म्हणण्याची सोय झाली आहे. सोस्यूरने संस्कृत शिकवले, संस्कृतमधील षष्ठीच्या एका प्रयोगावर प्रबंध लिहिला, एवढ्या भांडवलावर स्फोट आणि चिन्ह यांचे गोत्र जुळवले जाते. तो प्रबंध वाक्यरचनेचा आहे. शब्दतत्त्वाचा वारसा त्यातून सिद्ध होत नाही.

मुळात कोणता स्फोट? पाणिनीच्या ‘तपरस्तत्कालस्य’ या सूत्रावरील भाष्यात पतंजलीपुढचा प्रश्न अर्थाचा नाहीच. बोलणारा द्रुत बोलो वा विलंबित, ऱ्हस्व स्वर ऱ्हस्वच का राहतो, हा तो प्रश्न. नगाऱ्याचा दृष्टांत तिथलाच: आघात तेवढाच, नाद मात्र कधी वीस पावले पोचतो, कधी चाळीस. स्थिर राहतो तो स्फोट, वाढतो तो ध्वनी. या स्फोटाला अर्थवाहक ठरवणे म्हणजे भर्तृहरी आणि त्याहून पुष्कळ उशिराचा, अठराव्या शतकातला नागेश यांना मागे नेऊन पतंजलीच्या तोंडी घालणे होय.

भर्तृहरीशी तरी सोस्यूर जुळतो काय? सोस्यूरचे चिन्ह व्यवस्थेतील इतर चिन्हांपासूनच्या भेदावर उभे असते; घटक आणि त्यांचे परस्परभेद हा त्याचा आधार. ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अखंड आहे ते वाक्य, पदे हा अपोद्धार, म्हणजे शास्त्राच्या सोयीसाठी केलेले पृथक्करण. ‘त्याने हात टेकले’ यातील ‘हात’ आणि ‘टेकणे’ यांची बेरीज करून हतबलता हाती लागत नाही. (वाक्प्रचार हे सोपे उदाहरण झाले, भर्तृहरीचा दावा प्रत्येक वाक्याबद्दल आहे, आणि तो पचवणे अवघड आहे. कुमारिलाने ‘श्लोकवार्तिका’त स्फोटावर जो हल्ला चढवला, त्याची दखल वंशावळी मांडणारे क्वचितच घेतात.)

आनंदवर्धनाबाबतही हीच घाई. ध्वनी ही संज्ञा वैयाकरणांकडून घेतल्याचे तो स्वतः सांगतो. पण तेथे ध्वनीने व्यक्त होतो तो शब्द, येथे व्यक्त होतो तो प्रतीयमान अर्थ. साम्य व्यंजकत्वाचे आहे, सिद्धान्ताचे नव्हे.

भर्तृहरी खरोखर मान्य असेल, तर कवितेतील शब्दांच्या आवृत्त्या मोजून कोष्टके मांडणारे शैलीविज्ञान अडचणीत येते. तेच समीक्षक प्रस्तावनेत स्फोटाला वंदन करतात आणि पुढच्या प्रकरणात विशेषणांची मोजणी करतात. अपोद्धारालाच काव्याचे वास्तव मानण्याचा अधिकार त्यांना कुठून मिळाला, याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.