निवाऱ्याला बाहेर जाण्याचेही दार हवे

धार जिल्ह्यातल्या बदनावरच्या बसस्थानकावर वावरणारा कुत्रा आजवर कोणाचाच नव्हता. कोणी बिस्किट टाकले तर खायचे, कोणी दगड मारला तर पळायचे, एवढाच त्याचा गावाशी संबंध. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने हा संबंध बदलला. शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेला कुत्रा नसबंदी आणि लसीकरण झाल्यावर पुन्हा तिथेच सोडायचा नाही, त्याला निवाऱ्यात ठेवायचे, असे न्यायालयाने सांगितले. त्याआधी 11 ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळेच भटके कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला होता. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 22 ऑगस्टला तो बदलला, सर्व राज्यांना या प्रकरणात सामील करून घेतले आणि बहुतेक कुत्र्यांना लस टोचून, नसबंदी करून मूळ जागी सोडण्याची 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतली पद्धत कायम ठेवली. त्याच आदेशात आणखी एक तरतूद होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. ज्याला भटका कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, अशी ती तरतूद. माझ्या मते छोट्या गावांसाठी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची ओळ तीच आहे. निवारा बांधणाऱ्या प्रत्येक नगर परिषदेने दत्तक देण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून उभी केली नाही, तर तो निवारा काही वर्षांतच कोंडवाडा होईल.

हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एका गावाच्या निवाऱ्यात दरवर्षी नवे 20 कुत्रे येतात आणि आत आलेला कुत्रा सरासरी आठ वर्षे जगतो. एकही कुत्रा बाहेर गेला नाही तर आठ वर्षांनी तिथे 160 कुत्रे असतील आणि तो आकडा तसाच राहील. त्याच 20 पैकी 15 कुत्र्यांना दरवर्षी घर मिळाले तर आतली संख्या 40 वर थांबेल. एका कुत्र्याचे खाणे आणि औषधपाणी दिवसाला पन्नास रुपयांत भागते असे धरले, तरी 160 कुत्र्यांना वर्षाला 29 लाखांहून अधिक लागतात आणि 40 कुत्र्यांना 7 लाख 30 हजार. यात पगार, पाणी, सफाई धरलेली नाही. पैशापलीकडचा प्रश्न आणखी गंभीर आहे. दाटीवाटीच्या जागेत पार्व्हो आणि डिस्टेंपरसारखे रोग झपाट्याने पसरतात, पिल्ले आधी मरतात, मोठे कुत्रे अन्नावरून एकमेकांना फाडतात. तुर्कस्तानने 30 जुलै 2024 रोजी रस्त्यावरचे कुत्रे निवाऱ्यात नेण्याचा कायदा केला तेव्हा तिथे सुमारे 40 लाख भटके कुत्रे होते आणि निवाऱ्यांत जागा होती जेमतेम एक लाख पाच हजारांची. ज्या व्यवस्थेत कुत्रे फक्त आत येतात, तिथली जागा कितीही वाढवली तरी अपुरीच पडणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो संख्येचा. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटके कुत्रे मोजले गेले. मध्य प्रदेशात सुमारे 10 लाख, महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. इतक्यांना घर कोण देणार? कोणीच देऊ शकणार नाही, आणि दत्तकाचा तो दावाही नाही. रस्त्यावरची संख्या आणि रेबीज आटोक्यात आणण्याचे काम नसबंदी, लसीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट यांनीच होते. गोव्यात 2013-14 पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची सलग मोहीम चालली, लसीचे प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत नेले गेले, आणि 2018 नंतरची काही वर्षे तिथे माणसांमधला रेबीज शून्यावर आला. भूतानने ऑक्टोबर 2023 मध्ये सर्व भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यामागे चौदा वर्षांचे काम होते. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी हाच मार्ग आहे. दत्तकाचा विचार करायचा तो आपण ज्यांना रस्त्यावरून उचलून आत घेतले आणि ज्यांना परत जाण्याचा मार्ग आदेशाने बंद केला, त्यांच्यासाठी. बदनावरच्या आकाराच्या गावात हे कुत्रे मोजकेच असतील, आणि मोजक्या कुत्र्यांना मोजकी घरे शोधणे नगर परिषदेच्या आवाक्यात आहे.

दुसरी शंका जास्त प्रामाणिक आहे. रस्त्यावर वाढलेला गावठी कुत्रा घरात रुळेल का? कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. अनोळखी माणसाने बोटाने दाखवलेल्या वाडग्याकडे हे कुत्रे जातात का, हे त्यांनी एका प्रयोगात तपासले. जवळपास निम्मे कुत्रे घाबरून जवळ आलेच नाहीत. पण जे आले, त्यांतल्या सुमारे 80 टक्के कुत्र्यांना कसलेही शिक्षण नसताना माणसाचा इशारा बरोबर कळला. आणखी एका प्रयोगात असे दिसले की, अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा प्रेमाने कुरवाळणे अधिक उपयोगी पडते. यावरून दोन गोष्टी निघतात. माणसाबरोबर राहण्याची तयारी या कुत्र्यांच्या अंगात आहे. आणि त्यांतले अनेक माणसाला घाबरलेले आहेत. त्यांना आठवडे, कधी महिने द्यावे लागतील. काही कुत्रे कधीच घरात रुळणार नाहीत, आणि अशा कुत्र्याला गोड बोलून कोणाच्या गळ्यात बांधणे हा त्या कुटुंबावरही अन्याय आहे. निवाऱ्यातल्या माणसाने प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव स्वच्छ शब्दांत सांगितला पाहिजे: मुलांबरोबर चालतो की नाही, मांजर पाहून काय करतो, दोरीला सरावला आहे का. दुसऱ्या बाजूला, माळव्याच्या मे महिन्यात हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळणाऱ्याला कूलरपासून कातडीच्या रोगापर्यंत काय काय सोसावे लागते, हे कोणीही पशुवैद्य सांगेल. इथल्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला आखूड केसांचा गावठी कुत्रा कमी खर्चात आणि कमी आजारात जगतो. 30 ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम, कोंबई अशा देशी जातींचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण ज्याच्या जातीला नाव नाही त्या कुत्र्यालाही त्या कौतुकाचा वाटा मिळायला हवा.

आता ज्या मुद्द्यावर दत्तक मोहिमा खरोखर अडतात त्याकडे येतो. लोकांना पिल्लू हवे असते, आणि तेही नर. मादी पिल्ले मागे राहतात. गावात एखाद्या कुत्रीला पिल्ले झाली की दोन नर उचलले जातात आणि माद्या रस्त्यावरच वाढतात, म्हणजे पुढच्या वर्षीची वीण आपणच राखून ठेवतो. आयसरच्याच 2016 मधल्या अभ्यासात 364 पिल्लांपैकी फक्त 19 टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी 63 टक्क्यांना माणूस कारणीभूत होता: वाहनांचे अपघात, विष, मारहाण, उचलून नेणे. ज्या मादीला घर नाही तिच्या प्रत्येक विणीमागे हे मरण आहे. मादी नको म्हणणाऱ्यांची कारणे ठरलेली असतात: माजावर आली की दाराशी कुत्रे जमतात, पिल्ले झाली तर टाकायची कुठे. नसबंदी झालेल्या मादीबाबत ही दोन्ही कारणे उरत नाहीत, आणि निवाऱ्यातून दिली जाणारी प्रौढ मादी कानाला खाच असलेली, म्हणजे नसबंदी झालेलीच असते. राखणीत ती नरापेक्षा कुठेही कमी पडत नाही, आणि भटकायला तर कमीच जाते. म्हणून दत्तकासाठी नगर परिषदेने काही सवलत द्यायची असेल, पहिल्या वर्षाची लस मोफत किंवा नोंदणी शुल्क माफ, तर ती माद्यांपासून सुरू करावी.

चावण्याच्या भीतीला हसून चालणार नाही. 2024 मध्ये देशात कुत्रे चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या आईच्या मुलाला कुत्रा चावला तिला प्राणिप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण याच भीतीचा नीट विचार केला तर ती दत्तकाच्या बाजूने बोलते. अनोळखी कुत्रा चावून निघून गेला तर त्याला लस टोचली होती का, तो नंतर जगला की मेला, काहीच कळत नाही. पत्ता असलेला कुत्रा चावला तर त्याचा लसीचा कागद पाहता येतो, त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवता येते आणि जबाबदार माणूस समोर असतो. माणसाचे उपचार दोन्ही वेळी लगेचच सुरू करायचे असतात, पण माहिती मात्र पत्ता असलेल्या कुत्र्याबाबतच हाती असते. 2023 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची आहे. दत्तक दिलेला प्रत्येक कुत्रा हा परिषदेच्या यादीतून निघून एका घराच्या जबाबदारीत जातो.

धार आणि देवासच्या मराठी घरांत आणखी एक अडचण निघते: सोवळे, देवघर, आजीचा विरोध. तिचा मान राखूनच बोलायला हवे. पण बदनावर ज्या धार संस्थानाचा परगणा होते, त्या संस्थानाच्या पवार राजांच्या मुलखातल्या मराठी घरांत दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, आणि जवळच्या उज्जैनला काळभैरवाचे वाहनही तोच आहे. देवाच्या शेजारी ज्याला जागा आहे त्याला अंगणात जागा द्यायला धर्म आड येत नाही. कुत्रा देवघरात आलाच पाहिजे असे कोणी म्हणत नाही. पडवी, सावली, पाणी आणि माणसांचा सहवास त्याला पुरतो. माणसेच उपाशी असताना कुत्र्यांवर खर्च का, असेही विचारले जाते. न्यायालयाच्या आदेशाने तो खर्च आता टळणारा नाही. तो कमी करण्याचा रस्ता म्हणूनच दत्तकाकडे पाहावे.

माळव्यात कुत्र्याला घर मिळण्याची सर्वांत मोठी शक्यता शेतावर आहे. सोयाबीन आणि गव्हात शिरणाऱ्या नीलगाई आणि रानडुकरांनी शेतकरी हैराण आहे, राखणीला कुत्रा त्याला हवाच असतो. मात्र इथे सावधगिरीही सर्वांत जास्त लागते. विहिरीजवळ साखळीने बांधून दिवसातून एकदा भाकरी टाकणे याला घर म्हणता येत नाही. शिवाय धार जिल्ह्यातच सरदारपूरला 1983 मध्ये घोषित झालेले खरमोर अभयारण्य आहे. खरमोर, म्हणजे आपला तणमोर, पावसाळ्यात या गवताळ रानात येतो आणि जमिनीवर अंडी घालतो. जगभरात तो नष्ट होण्याच्या काठावर आहे. मोकाट फिरणारा कुत्रा अशा पक्ष्याच्या घरट्याला घातक असतो. त्या पट्ट्यातल्या शेतांवर कुत्रे देऊच नयेत, आणि इतरत्र देताना रात्री तो कुठे असेल हे आधी विचारावे.

हे सगळे करायला मोठी यंत्रणा लागत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी निवाऱ्यातले चार-पाच शांत कुत्रे लोकांना दाखवावेत. अर्ज एका पानाचा असावा, देण्याआधी कोणीतरी घर पाहून यावे, आणि न जमल्यास कुत्रा परत घेतला जाईल असे लेखी द्यावे, म्हणजे तो रात्री महामार्गावर सोडला जाणार नाही. महिन्याने एक फोन, सहा महिन्यांनी एक भेट. पशुवैद्यकीय खात्याची 1962 क्रमांकाची फिरती सेवा राज्यात आहेच, तिची मदत मागावी. घाई करण्याचे कारणही बदनावरला आहे. तालुक्यातल्या भैंसोला इथे 17 सप्टेंबर 2025 रोजी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. दोन हजार एकरांहून मोठ्या या कामावर मजूर येतील, खानावळी लागतील, उरलेल्या अन्नावर कुत्रे जमतील, कोणी त्यांना नावे देईल, आणि काम संपले की माणसे निघून जातील. तिथल्या कुत्र्यांची नसबंदी आत्ताच सुरू झाली आणि ठेकेदारांना ओल्या कचऱ्याचे नियम आत्ताच घालून दिले, तर पाच वर्षांनी निवाऱ्यावर येणारा भार निम्म्याने तरी हलका होऊ शकेल. नगर परिषदेच्या बैठकीत किती कुत्रे पकडले याबरोबरच किती दत्तक गेले, त्यांत माद्या किती आणि सहा महिन्यांत परत किती आले, हे तीन आकडे नगरसेवकांनी पुढच्याच बैठकीपासून मागावेत.