गळाचा स्वार्थ आणि नदीचे हित

इंग्लंडमधील केनेट ही थेम्सची एक उपनदी. चुनखडीच्या टेकड्यांत मुरलेल्या पाण्यावर पोसलेली आणि तळ दिसावा इतकी नितळ. २०१३ च्या जुलैच्या प्रारंभी मार्लबरो गावाच्या खालच्या अंगाला या नदीवर विनावेतन देखरेख करणाऱ्या काही स्थानिक मंडळींना असे आढळून आले की, दगडांखाली राहणाऱ्या अळ्या आणि झिंग्यासारखे बारीक जीव जवळजवळ नाहीसे झाले आहेत. पाण्याचा रंग बदललेला नव्हता, दुर्गंधी येत नव्हती, मासेही मरून तरंगत नव्हते. सरकारी यंत्रणेला वर्दी मिळताच तपास झाला. क्लोरपायरिफॉस हे आपल्याकडील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे कीटकनाशक सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे नदीत उतरले होते आणि सुमारे पंधरा किलोमीटर लांबीच्या पात्रातील कीटकजीवन त्याने उद्ध्वस्त केले होते. एवढा अनर्थ घडविण्यास एक-दोन चमचे औषध पुरेसे झाले असावे, असा अंदाज त्या वेळी वर्तविण्यात आला.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारी नदी आतून मेलेली असू शकते, हा या घटनेचा पहिला धडा. परंतु ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानात आली, आणि त्यांच्याच का आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. नद्यांच्या रक्षणात लोकसहभाग हवा, असे आपल्याकडे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. तो सहभाग कशाच्या बळावर टिकतो आणि कशाअभावी विरून जातो, याचे उत्तर इंग्लंडमधील या मंडळींच्या अनुभवात सापडण्याजोगे आहे.

किडे मोजणारे मासेमार

अशी देखरेख करणाऱ्यांत हौशी मासेमारांचा, त्यातही 'माशी-गळा'च्या शौकिनांचा भरणा मोठा असतो. गळाच्या आकड्याला पिसे व रंगीत धागे गुंडाळून त्याला हुबेहूब किड्याचे रूप द्यावयाचे आणि ते पाण्यावर अलगद टाकून ट्राउटसारख्या चाणाक्ष माशाला चकवावयाचे, असा हा खेळ आहे. कोणता किडा कोणत्या महिन्यात पाण्याबाहेर पडतो आणि मासा त्यावर केव्हा झेपावतो, हे ठाऊक असल्यावाचून त्यात यश येत नाही. साहजिकच किड्यांची संख्या घटू लागली की, ती या लोकांना सर्वांच्या आधी जाणवते.

या जाणकारीला २००७ पासून ब्रिटनमध्ये एका देशव्यापी उपक्रमाचे पद्धतशीर स्वरूप देण्यात आले. एक दिवसाचे प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक दर महिन्याला ठराविक जागी पाण्यात उतरतो. तीन मिनिटे पायाने तळ ढवळून वर येणारे जीव जाळीत धरतो, एक मिनिट दगड उचलून पाहतो आणि आठ ठराविक गटांतील जीवांची गणती करून गुण मांडतो. त्या जागेसाठी आधी ठरवून दिलेल्या किमान गुणसंख्येखाली आकडा घसरला की, सरकारी पर्यावरण यंत्रणेला कळवावयाचे. उपकरणे म्हणजे गमबूट, जाळी, पांढरे पसरट भांडे आणि भिंग. प्रयोगशाळेतील पाण्याचा नमुना ज्या क्षणी घेतला त्या क्षणाची अवस्था सांगतो. तळाचे किडे मात्र गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतात. रात्रीच्या अंधारात सोडलेले विष सकाळी वाहून जाते, पण मेलेले किडे परत येत नाहीत.

फुकट्यांचा प्रश्न

मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली एक अप्रिय सत्य मांडले. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना होतो तिच्यासाठी झिजण्यास मोठ्या समूहातील सुबुद्ध माणूस सहसा पुढे येत नाही, कारण दुसऱ्याच्या श्रमाचे फळ त्याला आयतेच मिळणार असते. स्वच्छ नदी ही अशीच सर्वांची गोष्ट, म्हणजे कोणाचीच नव्हे. या पेचातून बाहेर पडण्याचा ओल्सनने सांगितलेला एक मार्ग असा की, झिजणाऱ्याला असा काही लाभ द्यावा, जो इतरांना मिळत नाही. मासेमारांच्या क्लबने नेमके हेच साधले आहे. नदीचा एखादा पट्टा क्लबच्या मालकीचा वा भाड्याचा असतो, तेथे गळ टाकण्याचा हक्क फक्त सभासदांना असतो, आणि सुटीच्या दिवशी काठाची डागडुजी करणे व किडे मोजणे हे सभासदत्वाचाच भाग मानले जाते. येथे त्यागाची भाषा नाही. स्वतःचा छंद जगावा एवढाच स्वार्थ आहे, आणि नदीचे हित त्या स्वार्थाच्या वाटेवर उभे आहे.

म्हणूनच हा उत्साह तीन दिवसांत ओसरत नाही. या स्वयंसेवकांचे उन्हाळ्यातील एक काम म्हणजे नदीकाठी माजलेला हिमालयीन तेरडा उपटणे. आपल्या तेरड्याचा हा भाऊबंद १८३९ साली शोभेसाठी ब्रिटनमध्ये नेण्यात आला आणि पुढे नदीकाठांवर पसरला. त्याच्या शेंगा फुटून बिया काही मीटरपर्यंत उडतात आणि प्रवाहाबरोबर खाली जातात. हिवाळ्यात रोप मरते तेव्हा उघडा पडलेला काठ ढासळू लागतो. म्हणून तो बी धरण्यापूर्वी आणि नदीच्या वरच्या अंगापासून उपटीत यावे लागते, आणि तेही सलग काही वर्षे. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. हा तेरडा मात्र तीन दिवसांच्या उत्साहाला दाद देत नाही.

अर्थात या स्वार्थाला मर्यादाही आहेत. माशी-गळाचा छंद इंग्लंडमध्ये दीर्घकाळ खुशालचेंडू वर्गाचा राहिला. ट्राउटसाठी पाइकसारखे दुसरे मासे नदीतून काढून टाकण्याचे प्रकारही तेथे घडले. मासेमाराला हवी असलेली नदी आणि निसर्गाची नदी या दोन्ही नेहमी एकच असतात असे नाही. खासगी स्वार्थाने सार्वजनिक हिताची राखण करावी हे ठीक, पण त्या हिताची व्याख्या त्याच्यावर सोपविता येत नाही.

हक्काचे बळ

केवळ स्वार्थ आणि चिकाटी एवढ्यावर ही मंडळी यशस्वी झाली असती, असेही नव्हे. त्यांच्या हाती कायद्याचे एक शस्त्र होते. इंग्लंडच्या कायद्यात मासेमारीचा हक्क ही मालमत्ता आहे आणि तिची हानी करणाऱ्याला न्यायालयात खेचता येते. जॉन ईस्टवुड या निष्णात वकिलाच्या पुढाकाराने १९४८ साली गळकऱ्यांची सहकारी संघटना उभी राहिली, ती याच हक्काच्या आधारावर. डर्बी येथील मासेमारांच्या क्लबने एक कापड-रसायन कंपनी, वीज प्राधिकरण आणि खुद्द डर्बी नगरपालिका यांच्यावर भरलेला दावा अपील न्यायालयात १९५३ मध्ये निकालात निघाला. शहराची वस्ती वाढली, त्याला नगरपालिका काय करणार, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. मनाई हुकूम कायम झाला.

याच संघटनेच्या वारसदार संस्थेने २००९ मध्ये पाणी कंपन्यांकडे सांडपाण्याच्या विसर्गाची माहिती मागितली. १९८९ साली खासगी झालेल्या या कंपन्यांनी, आपण सार्वजनिक संस्था नाही, असे म्हणून ती नाकारली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने या कंपन्या माहिती देण्यास बांधील असल्याचा निर्णय दिला. किडे मोजणाऱ्यांनी अशा रीतीने कंपन्यांचे दप्तर उघडविले.

शासनाची माघार

एवढे होऊनही इंग्लंडच्या नद्यांची स्थिती समाधानकारक नाही. २०२० च्या सरकारी वर्गवारीत अवघ्या १४ टक्के नद्या पर्यावरणदृष्ट्या चांगल्या ठरल्या, आणि रासायनिक कसोटीवर एकही उतरली नाही. २०२३ या एका वर्षात अतिवृष्टीसाठी ठेवलेल्या मुखांतून मैलापाणी नदी-समुद्रात सोडण्याचे ४ लाख ६४ हजार प्रसंग नोंदले गेले आणि त्यांचा एकूण अवधी ३६ लाख तासांचा होता.

याचे एक कारण उघड आहे. २०१० नंतरच्या दशकात पर्यावरण यंत्रणेच्या संरक्षणकार्याचे सरकारी अनुदान निम्म्याहूनही खाली आले. कमी गंभीर प्रदूषणाच्या तक्रारींकडे लक्ष देऊ नये, अशा अंतर्गत सूचना कर्मचाऱ्यांना दिल्या गेल्याचे २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून उघडकीस आले. म्हणजे ज्या काळात किडे मोजणारे स्वयंसेवक वाढले, त्याच काळात त्यांची वर्दी घेणारा दुबळा झाला. स्वयंसेवक धोक्याची घंटा वाजवू शकतो. विष कोणते हे ओळखणे, ते कोठून आले याचा माग काढणे आणि गुन्हेगाराला शिक्षा करणे, ही कामे पगारी निरीक्षक, प्रयोगशाळा आणि वकील यांचीच आहेत. केनेटच्या प्रकरणी ही साखळी निदान प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली म्हणून विषाचा ठाव लागला. अंदाजपत्रकातील कपात लोकसेवेने भरून निघेल असे मानणारे राज्यकर्ते या साखळीचा अर्धा भाग तोडीत असतात, आणि उरलेल्या अर्ध्याचा गौरव करीत असतात.

डर्बीहून कानपूरला

डर्बीच्या त्या मासेमारांचे आणि आपले नाते वाटते तितके दूरचे नाही. गंगेच्या प्रदूषणासंबंधी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८८ मध्ये कानपूर नगरपालिकेविरुद्ध निकाल दिला, त्यात डर्बीच्या खटल्याचा आधार घेतलेला आहे. मात्र न्यायालय त्यापुढे एक पाऊल गेले. अर्जदार काठावरील जमिनीचा मालक नसला, तरी गंगेचे पाणी वापरणाऱ्यांच्या जीविताची त्याला आस्था आहे, एवढे त्याला दाद मागण्यास पुरेसे मानले गेले. इंग्रज मासेमाराला जे मालमत्तेमुळे मिळाले, ते भारतीय नागरिकाला केवळ नागरिक म्हणून मिळाले. त्याच वर्षी जलप्रदूषण कायद्यात दुरुस्ती होऊन, साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही व्यक्तीला न्यायालयात फिर्याद करण्याची वाट मोकळी झाली. २००५ साली माहितीचा अधिकार आला आणि २०१० साली हरित न्यायाधिकरण स्थापन झाले.

तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते, आणि २०२२ च्या अहवालात ३११ पैकी ५५. दोन्ही वेळा हे राज्य पहिल्या क्रमांकावर होते. जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्याही पाच वर्षे आधी, १९६९ मध्ये, करणाऱ्या राज्याची ही अवस्था आहे.

हक्क आहे, पण तो बजावण्याइतका स्वार्थ आणि चिकाटी असलेला समूह नदीकाठी संघटित नाही, हे येथील खरे दुखणे आहे. ज्यांचे पोट नदीवर आहे त्या भोई-कोळी समाजाचा आवाज क्षीण आहे. जुन्या काळी ही राखण श्रद्धेने केली. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले मासे आजही कोणी धरीत नाही. पण श्रद्धा गळाला अडवू शकते, मैलापाण्याच्या नाल्याला अडवू शकत नाही. आधुनिक लोकसेवेचे स्वरूप तर याहूनही तोकडे आहे. वर्षातून एका रविवारी शेकडो विद्यार्थी नदीकाठचे निर्माल्य व प्लॅस्टिक गोळा करतात, छायाचित्रे निघतात, आणि सोमवारी नाला पूर्ववत वाहू लागतो. ही सेवा निरर्थक नाही, परंतु ती शासनाला काहीच विचारीत नाही. म्हणूनच ती शासनाला प्रिय आहे.

तीच शक्ती वेगळ्या रीतीने वापरणे अशक्य नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास द्यावयाचे असतात. महाविद्यालयाजवळच्या नदीची एक जागा ठरवून, तेथील तळाच्या जीवांची दरमहा गणती करून ती नोंदवहीत उतरविण्यास या तासांचा थोडासा भाग पुरेल. तळाच्या जीवांवरून पाण्याची प्रत ठरविण्याचे निकष केंद्रीय मंडळाने आखलेले आहेत. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने मार्गदर्शन करावे आणि पाणी उतरण्याजोगे आहे याची खातरजमा आधी करून घ्यावी. विद्यार्थी दरवर्षी बदलतील, नोंदवही बदलणार नाही, आणि गुणांचे बक्षीस हाच येथे ओल्सनने सांगितलेला खास लाभ ठरेल.

अशी पाच वर्षांची नोंदवही घेऊन एखादा शिक्षक नगरपालिकेच्या आणि प्रदूषण मंडळाच्या दारात गेला, तर त्याला भाषण ऐकवून परत पाठविणे सोपे जाणार नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या नाल्याच्या खाली, किती जीव नाहीसे झाले, हे त्यात लिहिलेले असेल, आणि साठ दिवसांची नोटीस देण्यास तेवढा आधार पुष्कळ आहे. स्वयंसेवकाने शासनाची जागा घ्यावयाची नसते, शासनाला जागे ठेवावयाचे असते.