बँकॉकला खाल्लेलं इथे का चालत नाही?

अलीकडे मध्यमवर्गातल्या पुष्कळ बायका परदेशी सहलीला जातात. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या प्रवास कंपन्या खास बायकांसाठी सहली काढतात. परत आलेल्या बायकांशी बोलताना लक्षात येतं की देवळं, राजवाडे मागे पडतात आणि खाण्याच्या गोष्टी पुढे येतात. बँकॉकच्या फुटपाथवर स्टुलावर बसून खाल्लेल्या नूडल्स, सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधलं रात्री दहाचं जेवण. आणि त्याबरोबर हमखास येणारं वाक्य, "कुणी आपल्याकडे बघतसुद्धा नव्हतं गं!"

या आनंदाची आपल्याकडे दोन प्रकारे टवाळी होते. घरचे म्हणतात, तिकडे गाड्यावर खाल्लंस, पोट बिघडलं असतं तर? आणि चळवळीतल्या आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, हे सुखवस्तू बायकांचे चोचले. हिंसा, हुंडा, रोजगार हे प्रश्न समोर असताना जिभेचे लाड कसले? घरच्यांच्या टीकेची आपल्याला सवय आहे. दुसऱ्या टीकेला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण ती आपल्यातून येते आणि ती चुकीची आहे.

बाईच्या जिभेचा प्रश्न आपल्या समाजानं कधीच क्षुल्लक मानलेला नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत त्यांना आपल्या जाण्याचा खुलासा करावा लागला. खाण्यापिण्याचे आणि पेहरावाचे रिवाज सोडणार नाही, हेही सांगावं लागलं. कुणाच्या हातचं खायचं, कुठे बसून, कुणाच्या पंक्तीला, हे ठरवण्यावरच जात उभी राहिली. त्या सोवळ्याची राखण बाईकडे सोपवली, म्हणून तिच्या तोंडावर पहारा बसला.

राज्यघटना लिहिणाऱ्यांना हे नीट ठाऊक होतं. कलम १५(२) सांगतं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून कुणाला रोखता येणार नाही. वेगळ्या कपबशीविरुद्ध दलित चळवळ लढली आणि अजून लढते आहे. त्याच कलमातल्या 'लिंग' या शब्दाकडे आपण मात्र फारसं पाहिलं नाही.

आपल्याच शहराकडे बघा. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचं औरंगाबाद, हे खाण्याचं शहर आहे. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर नान-खलिया इथे आला असं सांगतात. गुलमंडीची इमरती सगळ्यांना माहीत आहे. पण संध्याकाळी सातनंतर कुठल्याही चहाच्या टपरीपाशी उभ्या राहा आणि बायका मोजा. त्यातल्या एकट्या आलेल्या किती, तेही मोजा. बाई येते ती पार्सल न्यायला, नाहीतर नवरा-मुलांबरोबर, नाहीतर 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड. पुरुषाला बाहेर खायला भूक पुरते, बाईला कुटुंब लागतं.

आणि मटण खाणारी, बँकॉकला अनोळखी हातचं आनंदानं खाणारी गुलमंडीवरची बाई रोशन गेटला नान-खलिया खायला जात नाही. तिला बँकॉक जवळचं आणि रोशन गेट लांबचं का वाटतं? हा प्रश्न आपण तिच्यापुढे आणि स्वतःपुढेही ठेवायला हवा.

परदेश म्हणजे बायकांचा स्वर्ग असं कुणी समजू नये. तिथे सुटका वाटते, कारण आपण कुणाची सून हे तिथे कुणाला ठाऊक नसतं. ही आठ दिवसांची, पैसे भरून घेतलेली सुटका. पण तिथे आणखीही काही असतं, ते आपण पाहून घ्यावं. सिंगापूरच्या सरकारनं रस्त्यावरच्या विक्रेत्यांना नळ, गटार, बसायची सोय असलेल्या केंद्रांत जागा दिली. २०२० साली त्या खाद्यसंस्कृतीची युनेस्कोनं नोंद घेतली. बँकॉकमध्ये २०१७ साली 'जे फाय' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, भट्टीवर स्वतः स्वयंपाक करणाऱ्या बाईला मिशेलिनचा तारा मिळाला, आणि त्याच वर्षी तिथल्या महापालिकेनं फुटपाथवरच्या गाड्या हटवण्याची घोषणा केली. म्हणजे कौतुक करणारे आणि हटवणारे तिकडेही आहेतच.

आता चोचल्यांबद्दल. पाच घरचा स्वयंपाक करणारी बाई दुपारी कुठे बसून खाते? बांधकामावरची मजूर बाई दिवसभर पाणी का पीत नाही? बाहेर जायला संडास नाही म्हणून. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती याच कारणानं. सहलीला गेलेल्या बाईला जे आठ दिवस मिळालं, ते या बाईला रोज हवं आहे: बसायला जागा, उजेड, संडास, आणि कुणी न हटकणं. दोघींचा प्रश्न एक आहे, फक्त एकीकडे तिकिटाचे पैसे होते.

बाईनं जगाला जेवू घालावं, हे सगळ्यांना चालतं. मुंबईच्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं, तेव्हा कुठे ते श्रम दिसू लागले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यातल्या एक-तृतीयांश बायका हव्यात. आपल्या महापालिकेच्या समितीत त्या कोण आहेत, त्यांना बैठकीला बोलावतात का, हे आपल्या गटांनी जाऊन विचारावं. विक्रीच्या प्रत्येक जागेजवळ बायकांसाठी चालू स्थितीतला संडास, दिवे, आणि रात्रीची बस, ही मागणी त्याच अर्जात लिहावी.

आणि एक काम अर्जाशिवाय करता येण्यासारखं आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीचा चहा कार्यालयात मागवू नका. पाच-सहा जणी मिळून जवळच्या टपरीवर जा, बाकावर बसा, आणि कप रिकामा झाला तरी लगेच उठू नका.