रत्नागिरीत पाहुण्याला काय दाखवावे?

गेल्या मे महिन्यात आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सहकुटुंब रत्नागिरीस आला होता. दोन दिवसांत त्याने रत्नदुर्ग पाहिला, भाट्याच्या किनाऱ्यावर मुलांना खेळवले, टिळकांच्या जन्मस्थानी जाऊन आला, संध्याकाळी थिबा पॉइंटवरून सूर्यास्त पाहिला. परतीच्या दिवशी आंबापोळी आणि कोकमाच्या पिशव्यांसह तो मला भेटावयास आला, तेव्हा मी सहज विचारले, "थिबाच्या समाधीवर गेला होतास का?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, समाधी इथे आहे? मला वाटले, थिबा हे त्या जागेचे नाव असेल."

हा मुलगा सहा वर्षे आपल्या वसतिगृहात राहिला आणि इतिहास त्याला मीच शिकवला. तेव्हा पहिला दोष माझा, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

नगर परिषदेने शहराचे पर्यटन वाढवावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो वाढवायचे म्हणजे काय करायचे, याविषयी. आपल्या राज्यातील कोणत्याही लहानमोठ्या शहरात पर्यटनविकासाचा आराखडा उघडावा, तर त्यात कारंजे असते, रंगीत दिवे असतात, एखादे उद्यान, एखादा पुतळा आणि शहराचे नाव मोठ्या अक्षरांत उभे केलेली छायाचित्राची जागा असते. या गोष्टी वाईट नाहीत. संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन जायला जागा हवीच. परंतु त्या सांगलीत असतील तशाच सोलापुरातही असतात. त्या पाहण्यासाठी कोणी साडेतीनशे किलोमीटर घाट उतरून येत नाही.

नगर परिषदेची अडचणही समजून घेतली पाहिजे. शहरातील प्रेक्षणीय स्थळे बहुधा तिच्या मालकीची नसतात. थिबा राजवाडा व टिळकांचे जन्मस्थान राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत, किनाऱ्यावर मेरिटाइम बोर्डाचा अधिकार चालतो आणि पर्यटनाचा मोठा निधी प्रादेशिक पर्यटन विकास योजनेतून वा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. त्यातच गेली काही वर्षे राज्यातील बहुतेक नगर परिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. विचारावे तर कोणाला, हाही प्रश्न होता. हे सारे खरे असले, तरी एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंतचा रस्ता नगर परिषदेचाच आहे. त्यावरचे दिवे, दिशादर्शक पाट्या, स्वच्छतागृहे, कचरा, वाहनतळ हे सगळे तिचे. आणि पाहुणा शहर समजून घेतो ते या रस्त्यावर. एका जागेहून दुसरीकडे जायला पाटी नसेल, तर दुसरी जागा त्याच्यापुरती अस्तित्वातच नसते. माझ्या विद्यार्थ्याचे तेच झाले.

आता थिबाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ब्रह्मदेशाचा हा अखेरचा राजा. त्याचे वडील मिंडोन यांनी संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतले आणि १८७१ मध्ये मंडाले येथे पाचवी धम्मसंगीती भरवली. थिबा स्वतः विहारात शिकला आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. सागवानाच्या व्यापारातील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला त्याच्या दरबाराने केलेला दंड निमित्त ठरला, आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले. प्रथम मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? येथे रेल्वे नव्हती, बाहेरच्या जगाशी संबंध तो बोटीचा, आणि पावसाळ्यात तोही तुटायचा. ज्या एकाकीपणासाठी इंग्रजांनी हे गाव तुरुंग म्हणून निवडले, तोच एकाकीपणा आज 'निवांत कोकण' म्हणून विकला जातो, हा इतिहासाचा विनोद म्हणावा काय? चोवीस वर्षांनी, १९१० मध्ये, त्याच्यासाठी हा राजवाडा उभा राहिला. १९१६ मध्ये तो येथेच मरण पावला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. राजा येथेच राहिला. त्याच्या थोरल्या मुलीने राजवाड्यातील एका मराठी नोकराशी संसार मांडला, आणि तिची मुलगी अगदी अलीकडेपर्यंत या शहरात सामान्य माणसांसारखी, गरिबीत जगली.

थिबा बौद्ध होता म्हणून त्याची आरती ओवाळा, असे मी म्हणत नाही. त्याच्या राज्यारोहणानंतर १८७९ मध्ये राजघराण्यातील अनेकांची कत्तल झाली, हेही पाटीवर यावे. बाबासाहेबांनी आपल्याला राजांची भक्ती शिकवलेली नाही. परंतु संदर्भ पाहावा. १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महाथेर मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा ज्या जिल्ह्याच्या मुख्यालयात कैदेत होता, त्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आहे, दापोलीजवळचे वणंद हे माता रमाईंचे माहेर आहे, आणि पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत, ज्यांची सुरुवात बौद्धांनी केली. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर तर रत्नागिरी शहरातच जन्मले. एवढे धागे एकत्र असलेले शहर महाराष्ट्रात दुसरे सांगता येईल का? आणि तरी 'रत्नागिरी आणि बौद्ध धम्म' म्हटले की अभ्यासकांना ओडिशातील रत्नागिरीचा महाविहार आठवतो.

रंगूनमध्ये बहादूरशहा जफरची कबर आहे. आपला हद्दपार बादशहा तिकडे, त्यांचा हद्दपार राजा इकडे. भारताचे पंतप्रधान तेथे जाऊन फुले वाहतात. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन आपल्या गावी येऊन गेले. ज्या जागेसाठी परदेशाचा राष्ट्राध्यक्ष येतो, ती जागा माझ्या विद्यार्थ्याला माहीत नसावी?

जे दाखवले जाते, तेही अर्धे सांगितले जाते. पतितपावन मंदिर १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी उभारले व ते सर्व जातींना खुले होते, हे पाहुण्याला सांगावे. त्याबरोबर १९२७ मध्ये महाडला काय घडले, १९३० पासून नाशिकला काळारामाच्या दारात कोण उभे होते, हेही सांगावे. म्हणजे 'पतित' कोणाला म्हटले गेले आणि ते नाव त्यांना कसे वाटले असेल, हा प्रश्न त्याच्या मनात येईल. हापूसच्या बागा दाखवताना खोतीचा उल्लेख का नको? त्या पद्धतीच्या निर्मूलनासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते याच कोकणातील कुळांसाठी.

मग पैशाचा प्रश्न. राजवाडा, समाधी, पतितपावन मंदिर, टिळकांचे घर यांना जोडणारा वारसामार्ग आखायला, मराठी, इंग्रजी व बर्मी भाषांत पाट्या लावायला आणि वाटेत एक वापरण्याजोगे स्वच्छतागृह ठेवायला एका कारंज्याहून अधिक खर्च यावा असे मला वाटत नाही. त्या मार्गावर माहिती सांगणारी माणसे लागतील. पर्यटनाचा पैसा आज ज्यांच्याकडे जागा आहे, हॉटेल आहे, गाडी आहे त्यांच्याकडे जातो; आपल्या वस्त्यांतील मुलांच्या वाट्याला बहुधा भांडी आणि चादरी येतात. दहावी-बारावी झालेल्या, दोन भाषा बोलू शकणाऱ्या मुलामुलींना नगर परिषदेने सहा महिन्यांचे प्रशिक्षण व ओळखपत्र दिले, तर जमीन नसलेल्या घरातही या व्यवसायाचा पैसा पोहोचेल.

नगर परिषदेचा अर्थसंकल्प आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी मंजूर होतो. पाट्यांवरील मजकुराचा मराठी मसुदा नववीच्या मुलांनी व मी मिळून तयार केला आहे; तो शाळेच्या ग्रंथालयात ठेवला आहे. माजी विद्यार्थ्यांनी तो वाचावा, चुका दाखवाव्यात, आणि ज्यांचे घर शहरात आहे त्यांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे तो घेऊन जावे. बर्मी भाषांतर करू शकणारे कोणी परिचयात असेल, तर मला अवश्य कळवावे.