शाळेतली झाडं मे महिन्यात का मरतात?

जुलै आला की गावोगावच्या शाळांत वृक्षारोपण होतं. खड्डे खणले जातात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढल्या जूनमध्ये त्याच शाळेत जाऊन बघा. खड्डे दिसतात, झाडं दिसत नाहीत.

यात मीही आलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेला मी स्वतः पन्नास रोपं पोचवली, पोच घेतली आणि मोकळा झालो. वर्षानं गेलो तर तीन जगलेली. चौथीतला एक पोरगा म्हणाला, "सर, यंदा पण त्याच खड्ड्यात लावायची का?" त्या पोराला आपण काय शिकवलं? झाड फोटोसाठी लावायचं असतं, हेच ना?

योजनांची कमी नाही. राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ मध्ये सुरू झाली, तर माझी वसुंधरा अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी. अडचण रोपांची नाही. पाण्याची आणि जबाबदारीची आहे. मे महिन्यात शाळेला कुलूप, मुलं मामाच्या गावाला, गुरुजी परगावी. रोप तेव्हाच मरतं.

आता हिशोब बघू. साठ पटाची, दोन खोल्यांची शाळा धरा. रोपं वीसच लावा, पण चिंच, कडुनिंब, करंज, सीताफळ, शेवगा अशी काटक लावा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला शेणखत, भोवती काट्यांचं कुंपण. कुंपण नसेल तर शेळ्या मे महिन्याचीही वाट बघत नाहीत.

एका झाडाला दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे वीस झाडांना आठवड्याला ४०० लिटर. खिचडीआधी हात धुताना एका मुलाचं दोन लिटर पाणी जातं असं धरलं, तरी रोज १२० आणि सहा दिवसांत ७२० लिटर झालं. ते पाणी चारी काढून झाडांकडे वळवा. शाळा चालू आहे तोवर प्रश्न मिटला. ताटं धुतलेलं खरकटं पाणी मात्र वेगळं काढून केळी, अळूला द्या.

राहिली सुट्टी. सहा आठवड्यांना लागतात २,४०० लिटर. शंभर चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-वाफ वजा जाता ४८,००० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. आपल्याला हवी तीन हजार लिटरची एक झाकलेली टाकी! पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग पन्हाळीचं पाणी गाळून टाकीत घ्या. उरलेलं शोषखड्ड्यात जिरवा.

मोजमाप मुलांकडे द्या. पाऊस किती पडला, टाकीत किती उरलं, कोणतं झाड किती वाढलं, हे त्यांनी फळ्यावर लिहावं. हिवरे बाजारात गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. तसा शाळेचा मांडायला काय हरकत आहे? भाजीची देठं-सालं आणि पालापाचोळा यांचं खत मुलंच करतील. पोरांना काम जमतं, साधनं आपण द्यायची.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगणं इतकंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाऊसपाणी संकलनाला जागा ठेवलेली होती. किती गावांनी त्यातून शाळेच्या छपराला पन्हाळी लावली? शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं ७५ टक्के पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा हीच समिती करते. टाकी त्या आराखड्यात घाला. सुट्टीत पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव मासिक सभेच्या ठरावात लिहा. नाव नसलेला ठराव म्हणजे कुंपण नसलेलं रोप.

येत्या जुलैत पन्नास नको, वीसच लावू. मात्र पुढल्या जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा मुलांनी ती मोजली तर वीस भरली पाहिजेत.