मेज गोल, बोलणारा एकच

शिक्षकांच्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिकेत हल्ली 'गटचर्चा' हा शब्द हमखास असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, उद्घाटकांचे भाषण, अध्यक्षीय भाषण, आणि जेवणानंतर गटचर्चा. म्हणजे निम्मे लोक एस.टी. गाठायला निघालेले असतात तेव्हा.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. परिषदेला जातो, हजेरीपत्रकावर सही करतो, प्रमाणपत्र घेतो, परततो. गेल्या वर्षी अशाच एका परिषदेत आम्ही आठजण एका मेजाभोवती बसलो. विषय होता 'भाषा अध्यापनातील समस्या'. चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटे गटप्रमुख सर स्वतःच बोलले. उरलेल्या दहांत दोघांनी त्यांचे आभार मानले. अहवालात नोंद झाली, 'चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' खेळीमेळी होती हे खरे. चर्चा तेवढी झाली नव्हती.

आमच्या शेजारी एक आपा बसल्या होत्या. वीस वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या. उर्दू लिपीत 'ळ' नाही, 'ण' नाही. आमची मुले 'वेळ'ला 'वेल' म्हणतात, 'मण'ला 'मन' म्हणतात. आपांनी त्यासाठी शब्दजोड्यांची वहीच केली आहे. काळ-काल, माळ-माल, वेळ-वेल. मुले पानाच्या एका बाजूला घड्याळ काढतात, दुसऱ्या बाजूला मांडवावरचा वेल. चहाच्या रांगेत त्यांनी ती वही आम्हाला दाखवली. मेजावर का नाही दाखवली? "कुणी विचारलंच नाही. आणि आपलं मराठी हे असं. हसतील लोक."

त्या दिवसाची खरी परिषद चहाच्या रांगेत झाली. आणि खरे सांगायचे तर मेजावर त्यांना आम्हीही विचारले नव्हते. आम्हीही मान डोलावत बसलो होतो.

नुसते मेज गोल केल्याने माणसे बरोबरीची होत नाहीत. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांना जागा मिळाली, म्हणून अस्पृश्यांचे म्हणणे त्यांच्याच माणसांच्या तोंडून मांडले गेले. प्रश्न लाकडाच्या आकाराचा नाही, तोंड कोणाला उघडू दिले जाते याचा आहे.

आमचे काही बुजुर्ग म्हणतात, लहान गटात गोंधळ होतो, तज्ज्ञांचे मार्गदर्शन राहून जाते. हिशेब करून पाहू या. दोनशे शिक्षकांच्या सभागृहात चाळीस मिनिटे सर्वांना वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा सेकंद येतात. आठजणांच्या मेजावर पाच मिनिटे येतात. पाच मिनिटांत एक वही उघडून दाखवता येते. बारा सेकंदांत फक्त टाळी वाजवता येते. तज्ज्ञांनाही याच मेजावर एक खुर्ची घेऊ द्या, पण एकच.

गटप्रमुखाचे काम तकरीर करणे नाही. ते यजमानाचे काम आहे. दस्तरखानावर यजमान आधी स्वतःचे ताट भरत नाही, कोणाची रकाबी रिकामी आहे ते पाहतो. त्याने दोन मिनिटांत विषय सांगावा आणि गप्प बसावे. प्रश्न नेमका विचारावा. 'समस्या काय?' असे नको, 'तुमच्या वर्गात ळ कसा शिकवता?' असे विचारावे. पहिली फेरी सर्वांची व्हावी, दुसऱ्यांदा बोलण्याआधी प्रत्येकाचे एकदा झालेले असावे. ज्याला उर्दूत सांगणे सोपे जाते त्याने उर्दूत सांगावे, शेजाऱ्याने मराठीत लिहून घ्यावे. आणि अहवालात वातावरण लिहू नये, सांगितलेली युक्ती लिहावी. सांगणाऱ्याच्या नावासह.

यासाठी निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. लागते ती माइक सोडण्याची तयारी. आणि आमच्या बाजूने, मोडक्यातोडक्या मराठीची लाज सोडण्याची. वर्गात मुलाने 'वेल' म्हटले म्हणून आम्ही त्याला गप्प बसवत नाही. मग स्वतःला का गप्प बसवतो?

पुढच्या परिषदेत आमचा सत्कार करू नका. गटचर्चा जेवणाआधी ठेवा, आणि आपांना आधी बोलू द्या.