बॅ. जयकर आणि ‘वकिली’ हा शब्द

‘ही निव्वळ वकिली झाली’ असें म्हटलें कीं, आपण समोरच्याला अप्रामाणिक ठरवून मोकळे होतों. गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. मुकुंद रामराव जयकर यांचें नांव आहे. पण राजकारणाच्या गप्पांत तें निघालें कीं, ‘धड इकडचे नाहींत, धड तिकडचे नाहींत’ असा शेरा ऐकूं येतो. हा शेरा आम्हांस मान्य नाहीं.

पहिला आक्षेप पक्षांतराचा. स्वराज्य पक्षाच्या वतीनें मुंबईच्या कायदेमंडळांत गेलेले जयकर पुढें केळकर व मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेकडे वळले, हें खरें. परंतु १९१९ सालीं अमृतसरला त्या धोरणाचा पुरस्कार केला तो लोकमान्यांनीं! त्यांच्या मुखीं जी मुत्सद्देगिरी, तीच जयकरांच्या मुखीं बोटचेपेपणा कशी ठरते?

दुसरा आक्षेप तडजोडीचा. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसनें चौकशी चालविली, तेव्हां गांधीजी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्या जोडीला जयकर होते. साक्षी तोलण्याचें काम घोषणांनीं होत नाहीं. १९३० च्या ऑगस्टांत सप्रू व जयकर येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींना व नेहरू पितापुत्रांना भेटले. बोलणीं फिसकटलीं, पण १९३१ च्या मार्चमधील गांधी-आयर्विन करारामागेंही या दोघांची खटपट होती. तुरुंगांत जाणाऱ्याचा त्याग मोठाच. परंतु तुरुंगाचें दार उघडविण्यासाठीं कोणी तरी बोलावयास हवें कीं नको?

तिसरा प्रसंग १९४६ च्या डिसेंबरांतला. घटना समितींत जवाहरलालजींनीं ध्येयांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे व संस्थानांचे प्रतिनिधि येण्यास अवसर मिळावा म्हणून तो लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना जयकरांनीं आणली आणि तिला कडाडून विरोध झाला. तरीही अखेर ठराव मंजूर झाला तो २२ जानेवारी १९४७ रोजीं. लीग आली नाहीं, फाळणी टळली नाहीं, हें आम्ही जाणतों. पण गैरहजर पक्षकाराला संधि दिल्यावांचून निकाल देऊं नये, असें सांगणें हा दुबळेपणा नव्हे. तो न्यायाचा पहिला धडा होय. याला वकिली म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणा. ती देशाला हवीच होती.

मध्यस्थाला भ्याड म्हणणाऱ्या समाजांत पुढें मध्यस्थी करावयास कोणी धजत नाहीं, आणि भांडणें तेवढीं उरतात. १९४८ पासून १९५६ पर्यंत पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून जयकरांनीं त्याची घडी बसविली. त्यांच्या नांवाच्या ग्रंथालयांत बसून इतर सर्व विषयांचा अभ्यास करावा आणि त्यांच्या कार्यावर मात्र वाचल्यावांचून शेरा मारावा, ही विसंगति आतां पुरे झाली.